जर्मन-जपानीच्या वर्गात डिजिटल फ्लॅशकार्डे: आधी पाटी, मग मोबाइल

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर या भागांत जर्मन आणि जपानी शिकणारे आता फक्त विद्यापीठात सापडत नाहीत. अजिंठा-वेरूळला जपानी पर्यटकांना लेणी दाखवू पाहणारे गाईड आहेत, वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे तंत्रज्ञ आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यानंतर जर्मनकडे वळलेले परिचारिका व इलेक्ट्रिशियनही आहेत. यांच्या वर्गांत फ्लॅशकार्डांचे, म्हणजे एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असलेल्या कार्डांचे, ॲप हमखास येते आणि बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने बंद पडते. पहिल्याच तासाला शिक्षक ॲप उतरवून घ्यायला सांगतात, इंटरनेटवरचा हजार शब्दांचा तयार संच हाती देतात आणि पाठ पुढे नेतात. काही आठवड्यांत रोजच्या उजळणीचा आकडा दीडशेच्या वर जातो, विद्यार्थी दोन दिवस ॲप उघडत नाहीत आणि मग कधीच उघडत नाहीत.

दोष ॲपचा नसतो, क्रमाचा असतो. कार्ड शब्द शिकवत नाही. शिकवलेला शब्द विसरू देत नाही, एवढेच त्याचे काम आहे. खालील टप्पे अँकी हे साधन धरून लिहिले आहेत, कारण ते संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर विनामूल्य मिळते व इंटरनेटशिवाय चालते. क्विझलेटसारखे दुसरे साधन वापरणाऱ्यांनाही, अँकीच्या सेटिंगचा भाग सोडला तर, पहिले पाच टप्पे लागू पडतात.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात जर्मन आणि जपानी शब्द देवनागरीत लिहिले आहेत, ते केवळ वाचनाच्या सोयीसाठी. कार्डावर तसे करू नये. कारण चौथ्या टप्प्यात येईल.

१. वर्गातील फोन मोजा

कोणाकडे स्वतःचा फोन आहे, कोणाचा फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जाऊन संध्याकाळी परत येतो आणि कोणाकडे फोनच नाही, याची यादी पहिल्या आठवड्यात करावी. दुसऱ्या गटाला उजळणीची वेळ रात्री आठनंतरचीच धरावी लागते. तिसऱ्या गटासाठी हीच कार्डे छापून द्यावीत आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यात तीन कप्पे करून ठेवायला सांगावे: आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले कार्ड पहिल्या कप्प्यात, पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने उघडायचा. हा कमी दर्जाचा पर्याय समजू नये. माझ्या वर्गात खोकेवाल्यांची उजळणी फोनवाल्यांपेक्षा नियमित असते.

फोनवर ॲप उतरवताना नाव नीट पाहावे. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड हे विनामूल्य ॲप घ्यावे. ‘अँकी’ नावाशी साम्य असलेली, पण तिच्याशी संबंध नसलेली ॲपेही दुकानात असतात आणि त्यांतली काही पैसे मागतात. आयफोनवरचे अधिकृत ॲप मात्र खरोखरच विकतचे आहे, म्हणून ते अनिवार्य करू नये. शाळकरी मुलांना खाते उघडायला लावू नये. अँकीड्रॉइड खात्याशिवाय पूर्ण चालते.

२. शब्द निवडताना हात आखडता घ्या

आठवड्याला तीस शब्द पुरेत. हिशेब सोपा आहे. रोज पाच-सहा नवीन कार्डे दिली, तर काही आठवड्यांनी रोजची उजळणी साधारण त्याच्या सात ते दहापट, म्हणजे चाळीस ते साठ कार्डांवर स्थिरावते. एका कार्डाला आठ-दहा सेकंद धरले तर हे दहा मिनिटांचे काम आहे. अँकीमध्ये रोजच्या नव्या कार्डांची मूळ मर्यादा २० असते. ती तशीच ठेवली तर हाच हिशेब दीडशे-दोनशे कार्डांवर जातो, आणि दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाला तो झेपत नाही.

जो शब्द वर्गात वाक्यात वापरला गेला आहे, तोच संचात घ्यावा. रंग, फळे, वार अशा एकाच गटातले सगळे शब्द एकाच दिवशी देण्याचा मोह टाळावा. मंगळवार आणि बुधवार एकत्र शिकलेली मुले पुढे महिनाभर त्यांची अदलाबदल करत राहतात. दिसायला-ऐकायला जवळचे शब्दही वेगवेगळ्या आठवड्यांत टाकावेत. जर्मनमधील ‘व्हेअर’ म्हणजे ‘कोण’ आणि ‘वो’ म्हणजे ‘कुठे’. इंग्रजी कानांवर पडलेल्या विद्यार्थ्याचा यात हमखास घोटाळा होतो.

तपासा: यादीतील प्रत्येक शब्दासमोर तो कोणत्या तासाला, कोणत्या वाक्यात आला ते लिहिता येते का? येत नसेल तर तो शब्द काढावा.

३. कार्डाआधी तक्ता

कार्डे एकेक करून फोनवर टंकू नयेत. संगणकावर तक्ता करावा आणि त्याचे रकाने पहिल्याच दिवशी कायमचे ठरवावेत. संच विद्यार्थ्यांना वाटून झाल्यावर नमुन्याचे (अँकीतील कार्डाच्या आराखड्याचे) रकाने बदलले, तर पुढचा सुधारित संच जुन्या कार्डांशी जुळत नाही. काही फोनवर प्रत्येक शब्द दोनदा दिसू लागतो, काहींवर दुरुस्ती पोचतच नाही. मी पुढील रकाने वापरतो:

ओळख क्रमांक, विदेशी शब्द, मराठी अर्थ, खूण, उदाहरणवाक्य, ध्वनीफाइल, उलट कार्ड, पाठ.

ओळख क्रमांक पहिल्या रकान्यात हवाच. तक्ता आयात करताना, म्हणजे अँकीत भरून घेताना, अँकी पहिल्या रकान्यावरून ठरवते की नोंद जुनी आहे की नवी. तिथे शब्दच ठेवला तर एक अडचण येते. जर्मनमध्ये ‘दी बांक’ म्हणजे बाक आणि ‘दी बांक’ म्हणजेच बँक. लिंग एक, एकवचन एक, अनेकवचने मात्र वेगळी. पहिल्या रकान्यात शब्द असेल तर दुसरी ‘बांक’ पहिलीवर बसते आणि वर्गातले बाक गायब होते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये करून आणलेली यादी त्याच्या संगणकावर सुरेख दिसते, पण आयात केल्यावर कार्डावर इंग्रजी अक्षरांचा भुगा येतो. तक्ता जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल; आणि रकाने स्वल्पविरामाऐवजी टॅबने वेगळे करावेत, कारण उदाहरणवाक्यांत स्वल्पविराम येतातच.

४. कार्डाच्या दोन बाजू

सर्वाधिक वेळ या टप्प्यावर खर्च करावा, कारण चुकीचे कार्ड रोज वाचले तर चूकच पाठ होते.

*नाम एकटे लिहू नये.* जर्मन नाम नेहमी लिंगदर्शक शब्दासह (पुल्लिंगी ‘डेर’, स्त्रीलिंगी ‘दी’, नपुंसकलिंगी ‘दास’) आणि अनेकवचनासह लिहावे. मराठी विद्यार्थ्याला तीन लिंगे नवीन नसतात आणि नेमका तिथेच तो फसतो, कारण तो मराठीतले लिंग नकळत जर्मनवर लावतो. जेवणाच्या टेबलावरचेच पाहा. चमचा मराठीत पुल्लिंगी आणि जर्मनमध्येही ‘डेर’, त्यामुळे पहिल्या शब्दाला विद्यार्थी खूश होतो. मग काटा: मराठीत पुल्लिंगी, जर्मनमध्ये ‘दी गाबेल’, स्त्रीलिंगी. सुरी: मराठीत स्त्रीलिंगी, जर्मनमध्ये ‘दास मेसर’, नपुंसकलिंगी. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी. म्हणून तिन्ही लिंगांना तीन रंग ठरवून घ्यावेत आणि ते वर्षभर, फळ्यावरही, बदलू नयेत.

*मराठी अर्थाला एकच उत्तर निघाले पाहिजे.* मराठीतून विदेशी भाषेकडे जाणाऱ्या कार्डावर नुसते ‘तुम्ही’ लिहिले तर जर्मनमध्ये दोन बरोबर उत्तरे आहेत: मित्रमंडळींना ‘ईअर’ आणि आदरार्थी ‘झी’. विद्यार्थी बरोबर उत्तर देतो, कार्ड ते चूक ठरवते आणि त्याचा कार्डावरचा विश्वास उडतो. जपानीत ‘आहे’चे तसेच आहे: निर्जीव वस्तू असेल तर ‘आरु’, माणूस किंवा प्राणी असेल तर ‘इरु’. आपण शर्ट घालतो, चप्पल घालतो, टोपीही घालतो. जपानीत शर्टासाठी ‘किरु’, चपलेसाठी ‘हाकु’ आणि टोपीसाठी ‘काबुरु’. अशा ठिकाणी खुणेचा रकाना भरावा: ‘तुम्ही (साहेबांना)’, ‘आहे (म्हैस)’, ‘घालणे (चप्पल)’. खूण दोन शब्दांची असावी; व्याकरणाचा परिच्छेद खूण म्हणून चालत नाही.

*अर्थ मराठीतच द्यावा.* इंटरनेटवरचे तयार संच बहुतेक इंग्रजी अर्थांचे असतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आधी इंग्रजी शब्दाचा अर्थ आठवतो, मग जर्मन. एका कार्डात दोन परीक्षा होतात. शिवाय इंग्रजीशी वरवर जुळणारे शब्द दगा देतात. जर्मन ‘बेकॉमन’ म्हणजे ‘मिळणे’, आणि ‘दास गिफ्ट’ म्हणजे विष. वाढदिवसाच्या संवादात ही चूक मी ऐकलेली आहे. आपल्या वर्गांत उर्दू माध्यमातून आलेली मुलेही असतात. त्यांच्यासाठी ज्या वस्तूचे चित्र काढता येते तिथे मराठी शब्दासोबत चित्रही द्यावे.

*उच्चार देवनागरीत लिहू नये.* ‘च’ हे अक्षर मराठीत ‘चहा’मध्ये एक आणि ‘चमच्या’त दुसरे असते. चमच्यातला ‘च’ जर्मनमधील वेळ या अर्थाच्या ‘त्साइट’ शब्दाच्या सुरुवातीला हवा असतो आणि जपानी ‘त्सु’लाही तोच जवळचा. पण कार्डावर नुसते ‘चाइट’ लिहिले की अर्धा वर्ग चहातला ‘च’ उच्चारतो. जर्मनमधील दोन-तीन स्वरांना तर देवनागरीत अक्षरच नाही. तोंडी सांगताना ‘चमच्यातला च’ म्हणावे, फार उपयोग होतो; कार्डावर मात्र मूळ लिपी आणि आवाज, एवढेच असावे. जपानीच्या विद्यार्थ्याने हिरागाना ही जपानीची मूळ अक्षरे वाचायला येईपर्यंत कार्डांना हात लावू नये.

तपासा: कार्डाची मागची बाजू झाकून सहकाऱ्याला पुढची दाखवा. त्याने ‘म्हणजे नेमके काय विचारले आहे?’ असे विचारले, तर कार्ड परत लिहा.

५. आवाज

मूळ भाषकाचे ध्वनिमुद्रण मिळत असेल तर ते, नाहीतर शिक्षकाचा स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करावा. आधी शब्द, क्षणभर थांबून लिंगदर्शक शब्दासह पुन्हा एकदा. तीन-चार सेकंदांत संपले पाहिजे. पंखा बंद करावा लागतो, आणि हे काम मे महिन्यात काढले तर का काढले असे होते, म्हणून ते जूनच्या आधी उरकायचे असल्यास पहाटे बसावे. फाइलींची नावे इंग्रजी अक्षरे व आकडे यांत, मध्ये जागा न सोडता, ओळख क्रमांकाशी जुळणारी ठेवावीत.

६. आयात आणि वाटप

या टप्प्यात क्रम चुकला तर सगळे पुन्हा करावे लागते.

पहिले, संगणकावरील अँकीमध्ये ‘ऐच्छिक उलट कार्ड’ असलेल्या तयार नमुन्याची प्रत काढून त्यात आपले रकाने घालावेत, आणि ओळख क्रमांक सर्वांत वर आणावा. रकाना घालणे वेगळे आणि कार्डाच्या साच्यात त्याला जागा देणे वेगळे. दुसरे राहिले तर माहिती आत असते पण कार्डावर दिसत नाही.

दुसरे, ‘उलट कार्ड’ हा रकाना सुरुवातीला रिकामा ठेवावा. मग प्रत्येक शब्दाचे एकच कार्ड तयार होते, विदेशी शब्दाकडून मराठीकडे. दोन आठवड्यांनी त्या रकान्यात ‘होय’ भरून तक्ता पुन्हा आयात केला की मराठीकडून विदेशी भाषेकडे जाणारी कार्डे तयार होतात आणि आधीची प्रगती शाबूत राहते. ओळखणे सोपे, आठवून बोलणे अवघड. दोन्ही एकाच दिवशी लादू नये.

तिसरे, संच बाहेर काढताना ध्वनी-चित्रे समाविष्ट करण्याच्या चौकटीत खूण हवी आणि वेळापत्रकाची माहिती समाविष्ट करण्याच्या चौकटीत नको. ही दुसरी खूण काढायची राहून गेली तर शिक्षकाच्या उजळणीच्या तारखा विद्यार्थ्याच्या फोनवर जातात, आणि त्याने कधीही न पाहिलेले शब्द ॲप त्याला ‘येतात’ असे धरून महिनाभर दाखवतच नाही.

चौथे, फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आधी एका फोनवर उघडून पाच कार्डे पूर्ण पाहावीत, मगच गटावर टाकावी. रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा सहावर आणण्याचे काम वर्गात, सगळ्यांसमोर करावे. यात एक तास जातो, तो जाऊ द्यावा.

सावधान: शिक्षक स्वतः संगणक आणि फोन जोडून वापरत असेल, तर पहिल्या जोडणीत ॲप विचारू शकते की कोणती बाजू ठेवायची, सर्व्हरवरची की या उपकरणावरची. निवडलेली बाजू दुसरीला पुसून टाकते. मी घाईत रिकामा फोन निवडला आणि तीन आठवड्यांची कार्डे एका क्षणात गेली. तेव्हापासून दर शनिवारी संपूर्ण संग्रहाची प्रत पेनड्राइव्हवर घेतो.

७. पहिला आठवडा वर्गात

पहिले सहा दिवस घरी काहीच देऊ नये. कार्ड प्रोजेक्टरवर किंवा शाळेच्या टीव्हीवर दाखवावे, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे आणि तोवर प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहावे. पाट्या वर झाल्यावरच मागची बाजू उघडावी. एकासुरात ओरडून उत्तर देण्याची सवय या पाच सेकंदांनी मोडते. एकासुरात चार हुशार मुले बोलतात आणि बाकीची ओठ हलवतात. वीज गेली तर छापील कार्डे घेऊन हेच करावे.

मग बटणे शिकवावीत. अँकीत चार असतात: अगेन, हार्ड, गुड, इझी. सर्वांत मोठी आणि सर्वांत न दिसणारी चूक इथे होते. शब्द आठवला नाही की विद्यार्थी शरमेने ‘हार्ड’ दाबतो. पण ‘हार्ड’चा अर्थ ‘आठवला, पण कष्टाने’ असा आहे. ॲप ते बरोबर उत्तर धरते आणि कार्ड पुढच्या तारखेला ढकलते. न आठवलेल्या शब्दाला ‘अगेन’च. नवख्या वर्गाला मी फक्त ‘अगेन’ आणि ‘गुड’ अशी दोनच बटणे वापरायला सांगतो. लिंग चुकले तरी ‘अगेन’, हा नियम जर्मनला पहिल्या दिवसापासून लावावा.

तपासा: सातव्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून दहा कार्डे करायला लावा. तो उत्तर उघडण्यापूर्वी थांबतो का? उत्तर पुटपुटतो का? थांबत नसेल तर तो कार्डे वाचतो आहे, आठवत नाही. त्याला अजून घरी सोडू नये.

८. दर आठवड्याची तपासणी आणि साचलेली कार्डे

ॲपमधील आकड्यांना गुण देऊ नयेत. गुण मिळतात हे कळले की बसमध्ये बसल्या बसल्या न वाचता साठ वेळा ‘गुड’ दाबले जाते. त्याऐवजी शनिवारी दहा शब्द तोंडी विचारावेत आणि प्रत्येकाचे नवे वाक्य करायला लावावे, कार्डावरचे वाक्य चालणार नाही.

एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की अँकी त्याला वेगळे चिन्ह लावते आणि सेटिंग तसे असेल तर ते बाजूलाही ठेवते. अशा कार्डांची यादी विद्यार्थ्यांकडून दर पंधरवड्याला मागवावी. एकच शब्द पाच-सहा जणांच्या यादीत असेल तर दोष विद्यार्थ्यांचा नसून कार्डाचा आहे: खूण अपुरी आहे किंवा मिळताजुळता शब्द जवळ आला आहे. दुरुस्ती जुन्याच नोंदीत करावी. नोंद पुसून नवी केली, तर जुनी चूक फोनवर तशीच राहते आणि नवे कार्ड तिच्या शेजारी येऊन बसते.

खंड पडणारच. सोयाबीनच्या काढणीत आणि पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत ग्रामीण भागातली मुले आठ-पंधरा दिवस वर्गात दिसत नाहीत, आणि परतल्यावर ॲप साचलेल्या कार्डांचा ढीग समोर ठेवते. संच काढून नव्याने टाकायला सांगणे ही यावरची नेहमीची चुकीची मात्रा आहे. त्यात येणारे शब्दही पहिल्या पायरीवर जातात. नवीन कार्डांची मर्यादा शून्यावर आणावी, उजळणीची रोजची मर्यादा पन्नास करावी आणि आकडा उतरेपर्यंत थांबावे. यात पहिले दोन दिवस ‘अगेन’ फार वेळा दाबावे लागेल, हे आधीच सांगून ठेवावे. दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीच्या शेवटच्या तासाला सगळ्यांच्या फोनवर नवीन कार्डे शून्य करून घ्यावीत, आणि सुटीनंतर ज्याची साचलेली कार्डे संपली त्याचीच मर्यादा पुन्हा सहावर आणावी.